महाविद्यालयाची बालवाडी: शिक्षक, मदतनीस आणि प्रशिक्षणार्थींची घडी कशी बसवावी

वर्गात १८ मुलं आणि ११ मोठी माणसं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, इतकं लक्ष दुसऱ्या कुठल्या बालवाडीत मिळणार! जरा जवळ जाऊन पाहा. वर्गाच्या दोन शिक्षिका, एक मदतनीस, सहा प्रशिक्षणार्थी, एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि एक संशोधक. सगळ्या मुलांची नावं माहीत असलेली माणसं यातली तीनच. कोपऱ्यात रडणाऱ्या मुलीकडे चौघं एकदम धावतात आणि ती आणखी घाबरते. त्याच वेळी स्वच्छतागृहाच्या दाराशी कुणीच नसतं.

इतर बालवाड्यांना माणसं कमी पडतात. महाविद्यालयाच्या बालवाडीत अनोळखी माणसं जास्त होतात. इथे एकाच छताखाली तीन कामं चालतात: मुलांना सांभाळणं आणि शिकवणं, होऊ घातलेल्या शिक्षकांना तयार करणं, आणि बालविकासाचा अभ्यास. मुलांचं काम पहिलं, बाकीची दोन त्याच्या मागे, हे तत्त्व म्हणून सगळेच मान्य करतात. ते खरं पाळलं जातं की नाही, हे मात्र वेळापत्रकात कळतं. म्हणून नेमणुकीपासून निरोपापर्यंतची व्यवस्था इथे क्रमाने मांडली आहे.

आधी शब्द कुणाचा चालणार ते ठरवा

जागा भरण्यापूर्वी एक कागद तयार व्हायला हवा: कोण कुणाला उत्तरदायी आहे. अशा बालवाडीत साधारण ही माणसं असतात. केंद्रप्रमुख, ज्याचा एक पाय महाविद्यालयाच्या विभागात आणि एक बालवाडीत असतो. प्रत्येक वर्गाला एक वर्गशिक्षक आणि एक सहशिक्षक. गरजेप्रमाणे वर्ग बदलणारा फिरता शिक्षक. मदतनीस, स्वयंपाकघर असेल तर तिथली माणसं, कार्यालयातला एकजण. ही झाली कायमची मंडळी. येणारी-जाणारी वेगळी: श्रेयांकासाठी येणारे प्रशिक्षणार्थी, तासाच्या मानधनावर काम करणारे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक, संशोधक.

घोटाळा जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होतो. प्राध्यापक म्हणतात, आज दहा वाजता माझ्या विद्यार्थिनीचा पाठ आहे, मला गुण द्यायचे आहेत. वर्गशिक्षिका म्हणते, आज दोन मुलं आजारातून उठून आली आहेत, वर्ग अस्वस्थ आहे, पाठ उद्या घेऊ. प्राध्यापकांची पगारश्रेणी वरची, म्हणून शिक्षिका गप्प बसते आणि पाठ होतो. मुलं ऐकत नाहीत, विद्यार्थिनी रडवेली होते आणि तिला कमी गुण मिळतात.

यावर नियम एकच आणि तो लेखी असावा: मुलं इमारतीत असेपर्यंत वर्गातला शेवटचा शब्द वर्गशिक्षकाचा. हे वाक्य शिक्षकाच्या नेमणूकपत्रात घाला आणि प्रशिक्षणार्थींच्या माहितीपुस्तिकेतही घाला. एकाच ठिकाणी असलं तर दुसऱ्या बाजूला ते माहीतच नसतं. पाठ पुढे ढकलला तर गुण कापले जाणार नाहीत, हेही त्याखालीच लिहा. नाहीतर विद्यार्थिनीच हट्ट धरते, आणि तिचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

हा तंटा जुना आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून शाळा सुरू केली. १९०४ मध्ये त्यांनी ते विद्यापीठ सोडलं, ते शाळेचा कारभार आणि मुख्याध्यापिका असलेल्या त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांची नेमणूक यांवरून अध्यक्षांशी झालेल्या वादानंतर. इतक्या मोठ्या माणसाला जे तोंडी समजुतीवर निभावलं नाही, ते आपण कागदावर आणलेलं बरं.

माणसांचा हिशेब: गुणोत्तर ही फक्त सुरुवात

एका मोठ्या माणसामागे किती मुलं, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. आपल्याकडचा नियम आधी बघा, तो किमान समजा. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रन या संस्थेच्या मानांकनात अडीच ते चार वर्षांच्या मुलांसाठी एकामागे ९ मुलं आणि गट जास्तीत जास्त १८ चा धरतात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी सप्टेंबर २०२३ पासून एकामागे ५ मुलं चालतात, त्याआधी ४ होती.

आता तीन वर्गांची बालवाडी धरू: मोठ्या मुलांचे दोन वर्ग, प्रत्येकी १८ मुलं, आणि दोन वर्षांच्या मुलांचा १० जणांचा एक वर्ग. प्रत्येक वर्गात दोघं, म्हणजे ६ माणसं. कागदावर गुणोत्तर बसलं. पुढचा हिशेब मात्र बरेच जण करत नाहीत.

सहा जणांना दिवसातून अर्धा तास विश्रांती: ३ तास. तीन वर्गशिक्षकांना मुलांपासून दूर बसून तयारीला रोज एक तास: आणखी ३ तास. म्हणजे सहा तास काम करणारा एक आख्खा माणूस कुणी आजारी पडण्यापूर्वीच संपला. म्हणून पहिला फिरता शिक्षक ही चैन नाही. तो नसेल तर तयारी घरी होते किंवा होतच नाही.

आता रजा. सहा अधिक दोन फिरते असे आठ जण, प्रत्येकी वर्षाला २० दिवस रजा, कामाचे दिवस २०० धरले, तर १६० माणूस-दिवस रिकामे. म्हणजे रोज सरासरी ०.८ माणूस नाही. दुसरा फिरता शिक्षक यातच जातो. ज्या दिवशी दोघं एकदम गैरहजर, त्या दिवशी केंद्रप्रमुख वर्गात. तेही जमणार नसेल तर त्या दिवशी कोणते दोन गट एकत्र येतील किंवा कोणता वर्ग बंद राहील, हे आधीच ठरलेलं असावं. सकाळी पावणेआठला फोनवर ठरवायची ही गोष्ट नाही.

इथे मोठा मोह असतो: प्रशिक्षणार्थी आहेतच की, त्यांना मोजून टाकू! मोजू नका. मोजलेला माणूस वर्गातून हलू शकत नाही, आणि प्रशिक्षणार्थीला तर तासाला जायचं असतं, परीक्षा असते, बस चुकते. शिवाय ज्याला मोजलं त्याला चुका करायची मोकळीक उरत नाही, मग तो शिकणार काय? मानधनावरचे अनुभवी विद्यार्थी स्थानिक नियमांत बसत असतील आणि त्यांची पार्श्वभूमी-तपासणी व प्रथमोपचार प्रशिक्षण झालं असेल, तर सहशिक्षकाच्या जागी तात्पुरते चालतील. वर्गशिक्षकाच्या जागी कधीच नाही.

एक फटका दर सत्राला ठरलेला असतो. परीक्षेच्या पंधरवड्यात विद्यार्थी मदतनीस सगळे एकदम नाहीसे होतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यातच परीक्षांच्या तारखा मागवून त्या पंधरवड्याचा हजेरीपट फक्त कायमच्या माणसांवर बेतून ठेवा. तो बसत नसेल तर तुमची बालवाडी वर्षभर विद्यार्थ्यांवरच टेकलेली आहे, इतकंच आतापर्यंत दिसत नव्हतं.

शिक्षक निवडताना

मुलांशी चांगला वागणारा शिक्षक आणि महाविद्यालयाच्या बालवाडीत टिकणारा शिक्षक यांत एक फरक आहे. दुसऱ्याला सतत कुणीतरी पाहत असतं: काचेमागून, वर्गात वही घेऊन, कधी कॅमेऱ्यातून. आणि जे केलं ते का केलं, हे तासाभराने विशीतल्या मुलीला सांगावं लागतं. हाताला सगळं येणारे, पण शब्दांत सांगता न येणारे उत्तम शिक्षक असतात. त्यांना इथे आणून दमवू नये.

निवड तीन टप्प्यांत करा.

१. मुलाखत, साधारण ४० मिनिटं. "तुमचं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान सांगा" असलं विचारू नका, पाठ केलेलं उत्तर येतं. प्रसंग द्या: तीन वर्षांच्या मुलाने दुसऱ्याला चावा घेतला, तुम्ही दोघांच्या मधे आहात, प्रशिक्षणार्थी घाबरून बघते आहे. पहिल्या मिनिटात काय कराल? संध्याकाळी दोन्ही पालकांना काय सांगाल? प्रशिक्षणार्थीला काय सांगाल? तिन्ही उत्तरं वेगळी यायला हवीत. चावणाऱ्या मुलाचं नाव दुसऱ्या पालकांना सांगणार नाही, हे उमेदवार न विचारता बोलला तर ती चांगली खूण.

२. वर्गात ९० मिनिटं, कायमच्या शिक्षकाच्या सोबतीने. पहिली दहा मिनिटं बघा. चांगला माणूस येताच मुलांवर तुटून पडत नाही. तो खाली बसतो, जवळ राहतो, मुलं येण्याची वाट बघतो. वर्गाकडे पाठ करून बसतो का, तेही बघा. अनुभवी माणसाची पाठ आपोआप भिंतीकडे जाते आणि तोंड खोलीकडे राहतं. शेवटच्या २० मिनिटांत आवराआवरी येईल अशी वेळ ठरवा. गाणं-गोष्ट सगळ्यांनाच येते, खरी परीक्षा आवराआवरीत.

३. त्यानंतर अर्धा तास बसून त्याच ९० मिनिटांतले दोन प्रसंग घ्या आणि "तेव्हा तुम्ही थांबलात, ते का?" असं विचारा. उत्तर बरोबर असण्यापेक्षा उत्तर देता येणं महत्त्वाचं.

ओळखपत्र, शैक्षणिक कागद, नोकऱ्यांमधले खंड, आधीच्या दोन ठिकाणी फोन, पोलीस किंवा तत्सम पार्श्वभूमी-तपासणी हे सगळं रुजू होण्याआधी पूर्ण करा. शिफारसपत्रावर विसंबू नका, फोनच करा, आणि शेवटचा प्रश्न ठरलेला ठेवा: "तुम्ही यांना पुन्हा घ्याल का?" उत्तरापूर्वीची शांतता ऐका. तपासणीचा कागद हाती येईपर्यंत त्या माणसाला मुलांसोबत एकटं ठेवायचं नाही, तो कितीही मोठ्या ओळखीने आलेला असो.

प्रशिक्षणार्थी: आधी जागा मोजा, मग संख्या घ्या

१८ मुलांच्या वर्गात एका वेळी दोनपेक्षा जास्त प्रशिक्षणार्थी नकोत. तीन वर्ग, पाच दिवस, प्रत्येकी दोन, म्हणजे आठवड्याला ३० जागा. प्रत्येकाने आठवड्याचे ठरावीक दोन दिवस यायचं तर १५ जण मावतात. विभागाने २४ पाठवले तर ४८ जागा लागतील, त्या नाहीत. मग १५ आठवड्यांचं सत्र दोन तुकड्यांत विभागा: १२ जण पहिले सात आठवडे, १२ जण पुढचे सात. "जरा सांभाळून घ्या" या शब्दावर २४ एकदम घेतले की लेखाच्या सुरुवातीचं दृश्य तयार होतं.

दिवस, वर्ग आणि माणूस बदलायचा नाही. सोमवार-बुधवारची विद्यार्थिनी सोमवार-बुधवारीच आणि त्याच वर्गात येते. तिला तिन्ही वर्गांचा अनुभव मिळावा म्हणून फिरवलं तर प्रत्येक वर्गात ती पाहुणीच राहते आणि मुलांना आठवड्यात नव्या चेहऱ्यांची रांग दिसते.

पाऊल ठेवण्याआधी तिच्याकडून घ्यायचं: ओळख आणि पार्श्वभूमी-तपासणी, आरोग्याची नोंद, गोपनीयतेचा करार, आणि फोन कपाटात राहील याची सही. फोनबद्दल सवलत नको. मुलाचा फोटो "फक्त प्रकल्पासाठी" काढला जातो आणि रात्री भलत्याच गटात फिरतो. लोंबते कानातले, लांब ओढण्या, टोकदार अंगठ्या नकोत. जमिनीवर बसता येईल असे कपडे हवेत.

त्यानंतर सहा आठवड्यांची शिडी.

पहिला आठवडा फक्त बसून बघणं. छोट्या खुर्चीवर, एका जागी, हातात वही. मुलं येऊन विचारतील, "तू काय करतेस?" उत्तर ठरलेलं: "तुम्ही कसे खेळता ते लिहितेय." या आठवड्यात सगळ्या मुलांची नावं पाठ. नोंद कशी लिहायची हेही इथेच शिकवा. "अमुक चिडका आहे" ही नोंद नव्हे. "ठोकळा काढून घेतल्यावर ओरडला, दोन मिनिटांनी दुसरा घेऊन आला" ही नोंद. पहिल्या वहीतली निम्मी वाक्यं मतं निघतात, ती लाल पेनाने नाही, तिच्यासमोर बसून बदलून घ्या.

दुसऱ्या आठवड्यात एका कोपऱ्यात बसणं: ठोकळे, पाणी, चित्रं, काहीही एक. काम इतकंच की जवळ राहायचं आणि मुलाचं काम आपण करायचं नाही. हेच सर्वांत अवघड जातं. मुलाला बूट घालायला चार मिनिटं लागतात, विद्यार्थिनीला पंचवीस सेकंद. हात आवरणं ही शिकायची गोष्ट आहे हे तिला आधी सांगा, नाहीतर नुसतं बसणं म्हणजे आळस असं तिला वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात चार मुलांचा छोटा गट, १० ते १५ मिनिटं, तिच्या स्वतःच्या आराखड्यावर. आराखडा तीन दिवस आधी वर्गशिक्षकाकडे. त्यात हेतूपेक्षा साहित्याची मोजणी महत्त्वाची: किती ब्रश, किती कागद, ओलं काय होणार, पुसणार कोण, आणि एखादं मूल तीन मिनिटांत उठून गेलं तर काय. तीन वर्षांखालच्या वर्गात जाणारी प्रत्येक वस्तू छोट्या वस्तू तपासण्याच्या नळकांड्यात घालून बघावी. त्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो. जी वस्तू त्यात पूर्ण बसते ती घशात अडकू शकते. बिया, मणी, बटणं, फुटलेले फुगे इथेच अडवले जातात.

चौथा आठवडा स्थित्यंतरांचा: खेळातून जेवणाकडे, आतून बाहेर. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पूर्ण गटासमोर गोष्ट किंवा गाणं, १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि वर्गशिक्षक गटातच बसलेला. तो मागे उभा राहिला तर मुलं वळून त्याच्याकडे बघत राहतात. सातवा आठवडा निरोपाचा, त्याबद्दल पुढे.

शिडीची पायरी चुकली तर त्याच पायरीवर थांबवा. सगळ्यांना सहाव्या आठवड्यात शेवटची पायरी गाठायलाच हवी असा आग्रह मार्गदर्शकांनी धरू नये.

हमखास होणाऱ्या चुका: दोघी भिंतीला टेकून गप्पा मारतात, म्हणून दोघींना कायम वेगवेगळे कोपरे द्या. सगळ्या जणी त्याच बोलक्या, गोड मुलाकडे जातात आणि गप्प मुलं सकाळभर कुणाच्या वाट्याला येत नाहीत. यासाठी पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकीला तीन मुलांची नावं द्या आणि रोज त्या तिघांबद्दल एकेक ओळ मागा. मुलांना उचलून घेणं, मांडीवर बसवणं, "माझं लाडकं" म्हणणं हे प्रेमातूनच होतं, पण सात आठवड्यांनी जाणाऱ्या माणसाने ते जपून करावं. मूल स्वतः येऊन बसलं तर बसू द्यावं, ओढून घेऊ नये.

अभिप्राय त्याच दिवशी, मुलं गेल्यावर, दहा मिनिटं. एक गोष्ट जी तशीच ठेवायची, एक जी बदलायची. आठवड्याने दिलेल्या सात सूचनांतली एकही लक्षात राहत नाही. वर्गात मुलांसमोर दुरुस्ती फक्त सुरक्षिततेच्या वेळी करायची, तीही दोन शब्दांत: "मी घेते."

आता निरोप. मोठ्यांच्या दृष्टीने सात आठवडे म्हणजे काहीच नाही, तीन वर्षांच्या मुलाला तो मोठा काळ आहे. शेवटच्या आठवड्यात भिंतीवर तिच्या उरलेल्या दिवसांची चित्रं लावा, दिवस संपला की एक चित्र काढायचं. शेवटच्या दिवशी तिने स्वतः सांगायचं: "आज माझा शेवटचा दिवस. उद्यापासून मी माझ्या कॉलेजात. तुमच्या बाई इथेच आहेत." शेवटचं वाक्य विसरायचं नाही. "पुन्हा येईन हं" असं खरं नसेल तर म्हणायचं नाही, कारण दाराकडे बघत बसणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं.

या सगळ्याला वर्गशिक्षकाचा वेळ लागतो. प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे आठवड्याला एक तास धरा, आणि तो कामाच्या तासांत मोजा. न मोजलेला तास कुठून येतो? मुलांच्या वेळेतून.

वर्गात कोण कुठे, आणि मोजणी

माणसं पुरेशी असूनही अपघात होतात, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. उपाय जुना आहे: खोलीचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाला नाव लावा. सकाळी फळ्यावर तीन भाग, तीन नावं. भाग सोडायचा तर मोठ्याने सांगायचं, "मी स्वच्छतागृहाकडे जातेय, पाण्याचा कोपरा कोण घेतंय?" आणि "मी घेतला" असं उत्तर ऐकल्याशिवाय हलायचं नाही. मान डोलावलेली चालत नाही, ती दिसत नाही.

मैदानावर तीन जागा: घसरगुंडी-चढण्याजवळ एक, फाटकाच्या बाजूला एक, आणि एक फिरता. प्रशिक्षणार्थी या तिघांच्या व्यतिरिक्त.

मोजणी दर स्थित्यंतराला: बाहेर जाताना दाराशी, बाहेर पोचल्यावर, परत येताना, आत आल्यावर. नुसता आकडा नको, नावांच्या यादीवर चेहरा बघून खूण. "१८ आहेत" हे बरोबर असूनही चुकीचं असू शकतं: शेजारच्या वर्गातलं एक रांगेत शिरलेलं आणि आपलं एक झाडामागे. दोन वर्ग मैदानावर एकत्र असले की हे हमखास होतं. यादी कायमच्या शिक्षकाच्याच हातात.

कुठल्याही क्षणी प्रत्येक वर्गात लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रशिक्षण असलेला एकजण हवा. प्रमाणपत्रांच्या मुदतीच्या तारखा कार्यालयात एकाच कागदावर लावा, नाहीतर सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात संपते, कारण सगळ्यांनी एकाच दिवशी प्रशिक्षण घेतलेलं असतं.

मदतनीस, स्वयंपाकघर, फाटक

कोणत्या मुलाला शी होताना भीती वाटते, कोण जेवण लपवतं, कोणाच्या आजोबांना ऐकू कमी येतं, हे मदतनीस बाईंना माहीत असतं. शिक्षक बदलतात, प्रशिक्षणार्थी जातात, त्या राहतात. तरी पाक्षिक बैठकीला त्यांना बोलावलं जात नाही, किंवा बोलावलं तर चहा करायला. त्यांना बैठकीत बसवा, त्या वेळेचा मोबदला द्या आणि पहिलं बोलणं त्यांचं असू द्या.

स्वच्छतागृहाचे नियम लेखी हवेत: दार पूर्ण बंद नाही, जाताना वर्गात सांगून जायचं, कपडे बदलल्यास वेळ आणि नाव नोंदवायचं, प्रशिक्षणार्थींनी हे काम करायचं नाही. मदतनीस आणि मूल दोघांचंही यातच संरक्षण आहे.

सफाईचा क्रम: आधी साबणपाण्याने मळ काढायचा, मग जंतुनाशक, मग बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं ठेवायचं. मळावरच जंतुनाशक मारलं तर ते मळाशीच झगडत बसतं. ब्लीचचं पाणी बाटलीवरच्या प्रमाणात आणि रोज ताजं. ब्लीच कधीही आम्लाच्या किंवा अमोनियाच्या द्रवात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. सफाईच्या बाटल्यांवर नाव, कपाटाला कुलूप, आणि प्यायच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत काहीही भरायचं नाही.

अ‍ॅलर्जीची यादी मुलाच्या फोटोसह तीन ठिकाणी: स्वयंपाकघर, वर्ग, फिरत्या शिक्षकाची फाइल. ताट दोघांच्या नजरेखालून जावं, वाढणाऱ्याच्या आणि वर्गशिक्षकाच्या. बदली माणूस आलेल्या दिवशीच चूक होते, म्हणून बदलीवर येणाऱ्याने सगळ्यात आधी ही यादी वाचून सही करायची.

फाटकावरचे रक्षक बहुधा महाविद्यालयाचे असतात आणि पाळीपाळीने बदलतात. ओळखपत्र गळ्यात दिसलं की ते आत सोडतात, कारण महाविद्यालयात तेवढं पुरतं. बालवाडीला ते पुरत नाही. मूल नेऊ शकणाऱ्यांची यादी वर्गात असते आणि मूल वर्गातूनच सुपूर्द होतं, फाटकातून नाही, हे रक्षकांच्या प्रत्येक पाळीला सांगा. महाविद्यालयाचा महोत्सव, परीक्षा, शेजारच्या रसायनशाळेतली आगसूचनेची चाचणी यांच्या तारखा आधी मिळतील अशी सोय करा. आणि बाहेर पडण्याचा सराव महाविद्यालयाच्या सरावाच्या दिवशीच करू नका. जिन्यात ३०० विद्यार्थी उतरत असताना दोन वर्षांच्या १० मुलांना उतरवणं हा सराव नव्हे.

संशोधक दारात आले की

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या १९६६ साली सुरू झालेल्या बिंग नर्सरी शाळेत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी मार्शमेलो या मऊ गोड खाऊचे प्रसिद्ध प्रयोग केले: एक आत्ता खा, किंवा थांबलास तर दोन. जास्त वेळ थांबलेली मुलं पुढे मोठेपणी सरस दिसली. पुढे २०१८ मध्ये मोठ्या आणि विविध घरांतल्या मुलांवर तपासल्यावर आरंभी दिसलेला भविष्याशी संबंध बराच क्षीण निघाला. विद्यापीठाच्या बालवाडीतली मुलं सगळ्या मुलांसारखी नसतात, हे संशोधकाला सांगायचा हक्क शिक्षकांनाही आहे.

व्यवहारात चार गोष्टी बघा. नीतिविषयक समितीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती, दोन्ही वर्गाच्या फाइलमध्ये. संशोधकाने आधी दोन वेळा वर्गात नुसतं येऊन बसायचं. एका वेळी १५ ते २० मिनिटं, जेवणाच्या, झोपेच्या किंवा मैदानाच्या वेळेत नाही, आणि दिसेल अशा जागी. मूल "नको" म्हणालं, किंवा न बोलता मागे सरलं, तर तो नकार. "चल ना, तिथे छान खेळणी आहेत" असं म्हणून मन वळवायचं काम शिक्षकाने करू नये. कुणाकडून किती मुलं किती वेळा नेली गेली याची एक वही ठेवा. ती नसली की सहकार्य करणारी तीच पाच मुलं दर आठवड्याला उठवली जातात.

पालकांशी कोण बोलणार

वर्गशिक्षक. प्रशिक्षणार्थीने "आज छान खेळली" इतकंच म्हणावं. विकासाबद्दल, बोलण्याबद्दल, वागण्याबद्दल पालकांनी विचारलं तर वाक्य ठरलेलं: "बाईंना विचारा, त्या तिला रोज बघतात." नुकताच बालमानसशास्त्राचा पेपर दिलेल्या विद्यार्थिनीने दाराशी उच्चारलेल्या एका शब्दाने घरात महिनाभर झोप उडते. पालकांपैकी काही त्याच महाविद्यालयात प्राध्यापक असतात, कदाचित तिचेच. त्यांना वेगळा नियम नाही, आणि त्यांच्या मुलाच्या वर्गात त्यांची विद्यार्थिनी ठेवू नये.

वर्षाच्या मध्यात शिक्षक सोडून गेला तर

अशा ठिकाणी हे अधूनमधून होणारच. महाविद्यालयाची नेमणूकप्रक्रिया सावकाश चालते, म्हणून राजीनामा हातात पडला त्याच दिवशी जाहिरातीचा कागद पुढे सरकवा. तोवर सहशिक्षकाला वर्गशिक्षकाचं काम आणि त्या कामाचा मोबदला द्या आणि फिरत्याला त्या एका वर्गात स्थिर करा. त्या वर्गातल्या प्रशिक्षणार्थींची संख्या त्या काळात एकावर आणा.

जाणाऱ्याकडून दोन पानांची नोंद घ्या, पण मुलांच्या प्रगतीची नको, ती फाइलमध्ये असते. प्रत्येक मुलामागे तीन ओळी: सकाळी आल्यावर काय लागतं, रडलं की काय चालतं, काय अजिबात चालत नाही. निळा रुमाल कुठल्या खणात असतो, कोणाला दुपारी पाठ थोपटून हवी, कोणाला हात लावलेलाच आवडत नाही. नवा माणूस जुन्याबरोबर निदान तीन दिवस वर्गात असावा, तिसऱ्या दिवशी जुन्याने खुर्चीवर बसून फक्त बघावं. निघताना मुलांना सांगायचं तेच, जे प्रशिक्षणार्थी सांगते, आणि दिवस मोजायची चित्रं तीच. फक्त त्यांची रांग जरा लांब, किमान दोन आठवड्यांची.